दोन हाडवैऱ्यांचा जाणकार : लेव्ह लांडाऊ

एमआरआयच्या यंत्रात रुग्णाला ज्या बोगद्यात सरकवतात, त्याच्याभोवती निओबियम आणि टायटेनियम या धातूंच्या मिश्रणाची बारीक तार कित्येक किलोमीटर गुंडाळलेली असते. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये ती थंड ठेवतात. इतक्या थंडीत या तारेचा विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि दीड किंवा तीन टेस्लाचे बळकट चुंबकक्षेत्र तयार करतो. या गुणाला अतिवाहकता म्हणतात आणि अशा पदार्थाला अतिवाहक, म्हणजेच सुपरकंडक्टर.

गंमत अशी की अतिवाहकता मोडायची असेल तर त्यावर चुंबक हाच रामबाण उपाय आहे. पारा किंवा शिसे यांसारख्या साध्या अतिवाहकाजवळ पुरेसा बळकट चुंबक आणला की त्याचा गुण क्षणात जातो. बाहेरच्या चुंबकाने हे होत असेल, तर ज्याच्या अणूअणूत चुंबकत्व भरले आहे त्या लोखंडात किंवा कोबाल्टमध्ये अतिवाहकतेचा निभाव कसा लागावा? लोहचुंबक आणि अतिवाहक हे पदार्थविज्ञानातले हाडवैरी. तरीही दोघांना एकमेकांना चिकटवून ठेवले, तर एकाचा गुण दुसऱ्यात थोडातरी झिरपतो का, आणि किती खोलवर, हा गेली वीस-पंचवीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत चाललेला शोध आहे. त्यासाठी जी भाषा वापरतात तिचा मोठा भाग एकाच माणसाने घडवला. त्याने एका हाताने लोहचुंबकाचे आणि दुसऱ्या हाताने अतिवाहकाचे गणित मांडले. लेव्ह डेव्हिडोविच लांडाऊ हे त्याचे नाव. त्याच्या आयुष्याची शेवटची सहा वर्षे मात्र भौतिकशास्त्रापेक्षा वैद्यकशास्त्राच्या इतिहासात जास्त बसतात.

लांडाऊंचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू शहरात झाला. आज अझरबैजानची राजधानी असलेले हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि तेलविहिरींसाठी ओळखले जाई. वडील तेल उद्योगात इंजिनिअर, आई डॉक्टर. ज्यू कुटुंब, घरात शिक्षणाला मान. मुलाने तेराव्या वर्षी शाळा संपवली. विद्यापीठात जायला वय फारच कमी म्हणून आईवडिलांनी त्याला वर्षभर दुसऱ्या एका संस्थेत ठेवले. चौदाव्या वर्षी बाकू विद्यापीठात प्रवेश, तोही भौतिक-गणित आणि रसायन अशा दोन विभागांत एकदम. १९२४ मध्ये लेनिनग्राडला गेले आणि एकोणिसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडले.

१९२९ ते १९३१ हा काळ युरोपात गेला. त्यातला सर्वांत मोलाचा मुक्काम कोपनहेगनचा, नील्स बोर यांच्याकडचा. पुढे आयुष्यभर लांडाऊंनी स्वतःला बोर यांचाच शिष्य मानले. उंच, काटकुळे, विस्कटलेल्या केसांचे आणि जिभेला धार असलेले हे पोरगे समोर कितीही मोठा शास्त्रज्ञ असला तरी चूक दाखवायला कचरत नसे. परत आल्यावर खारकिव्हच्या संस्थेत त्यांच्या खोलीवर पाटी होती, आत बसलेला माणूस चावतो अशा अर्थाची.

खारकिव्हची ही पाच वर्षे फार सुपीक ठरली. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षा सुरू केली. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे किमान ज्ञान तपासणारी ही परीक्षा इतकी कठीण होती की १९३४ ते १९६१ या काळात अवघे ४३ जण तिच्यातून पार पडले. इव्हगेनी लिफशित्झ हे अगदी सुरुवातीच्या उत्तीर्णांपैकी. १९३५ मध्ये दोघांनी मिळून लोहचुंबकावर एक लेख लिहिला. लोखंडाचा तुकडा चुंबकीय पदार्थाचा असूनही एरवी टाचणी का ओढत नाही, हा त्यातला एक प्रश्न. उत्तर असे : तुकड्याच्या आत सूक्ष्म प्रदेश असतात, प्रत्येक प्रदेश स्वतःपुरता पक्का चुंबक असतो, पण शेजाऱ्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्याने एकूण बेरीज शून्याजवळ येते. अशा प्रदेशांची कल्पना आधीची होती. ते का तयार होतात आणि त्यांच्यामधल्या भिंती किती जाड असतात हे या दोघांनी गणिताने दाखवले. संगणकाच्या हार्ड डिस्कवर माहिती लिहिताना चुंबकत्व कसे वळते, हे आजही त्याच लेखातल्या समीकरणाच्या आधाराने काढतात.

दोन वर्षांनी त्यांनी यापेक्षाही मोठी गोष्ट केली. लोखंड ७७० अंशांच्या वर तापवले की त्याचे चुंबकत्व जाते; थंड केले की परत येते. पारा उणे २६९ अंशांच्या आसपास अतिवाहक होतो; तापवला की पुन्हा साधा. वरवर पाहता दोन वेगळ्या गोष्टी. लांडाऊंनी १९३७ मध्ये म्हटले की अशी अवस्थांतरे एकाच चौकटीत बसवता येतात. प्रत्येक ठिकाणी एक राशी शोधायची, जी गोंधळाच्या अवस्थेत शून्य असते आणि थंड होताना एका ठरावीक तापमानाला शून्यापासून वर उठू लागते. तिला सुव्यवस्थेचे माप म्हणावे. लोखंडासाठी हे माप म्हणजे चुंबकत्व. अतिवाहकासाठी ते नेमके काय, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते. पण चौकट तयार झाली होती. डॉक्टर जसा हजार तक्रारींतून एक नाडी पकडतो, तसे हे होते.

त्याच शहरात लेव्ह शुबनिकोव्ह हे त्यांचे मित्र अतिवाहक मिश्रधातू चुंबकक्षेत्रात ठेवून पाहत होते. काही मिश्रधातू चुंबकाला लगेच शरण जात नाहीत, क्षेत्राला थोडी वाट देतात आणि तरी अतिवाहक राहतात, हे त्यांनी नीट मोजले. एमआरआयची तार याच जातीची आहे. शुबनिकोव्हना त्याचे श्रेय पाहायला मिळाले नाही. १९३७ मध्ये स्टॅलिनच्या पोलिसांनी त्यांना पकडले आणि गोळी घातली. खारकिव्हची ती संस्था मोडून पडली.

लांडाऊ त्याआधीच मॉस्कोला प्योत्र कापित्सा यांच्या संस्थेत गेले होते, पण तिथेही सुटका नव्हती. एप्रिल १९३८ मध्ये त्यांना अटक झाली. कारणही होते : स्टॅलिनची राजवट फॅसिस्टांसारखीच आहे असे सांगणाऱ्या पत्रकाच्या मसुद्यात त्यांचा सहभाग होता. वर्षभराच्या तुरुंगवासाने हा मुळातच किरकोळ अंगाचा माणूस खंगला. आणखी सहा महिने काढले असते तर आपण वाचलो नसतो, असे त्यांचे पुढचे मत होते. त्यांना सोडवले कापित्सांनी. अटकेच्या दिवशीच त्यांनी थेट स्टॅलिनला लिहिले आणि शेवटी गृहखात्याच्या प्रमुखाला स्वतःची हमी दिली. त्या काळात असे पत्र लिहिणे म्हणजे स्वतःची मान पुढे करणे होते. कापित्सांचा युक्तिवाद व्यावहारिक होता : हेलियमच्या बाबतीत एक अद्भुत गोष्ट सापडली आहे आणि तिचा उलगडा करू शकेल असा देशात हाच एक माणूस आहे.

ते अद्भुत म्हणजे अतिप्रवाहिता. निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम २.१७ अंश वर असताना द्रव हेलियम सगळे चिकटपण टाकून देतो आणि बारीकातल्या बारीक फटीतून वाहू लागतो. सुटकेनंतर दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, लांडाऊंनी त्याचा सिद्धांत दिला. या द्रवात नेहमीच्या आवाजाखेरीज उष्णतेच्या लाटांचा एक दुसरा आवाज असला पाहिजे, असे त्यात भाकीत होते. ते १९४४ मध्ये मॉस्कोतच प्रयोगाने खरे ठरले. हायड्रोजन बॉम्बच्या गणितांतही त्यांना काम करावे लागले; स्टॅलिन गेल्यावर त्यांनी त्यातून अंग काढून घेतले.

१९५० मध्ये विताली गिंझबुर्ग यांच्यासोबत त्यांनी अतिवाहकाचे माप शोधून काढले. ते साध्या आकड्यासारखे नव्हते, लहरीसारखे होते. त्याला दिशा होती आणि चुंबकक्षेत्राशी त्याचे नाते समीकरणात लिहिता येत होते. अतिवाहकता का येते हे तोवर जगात कुणालाच ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात म्हणून, हे उत्तर अमेरिकेतून १९५७ मध्ये आले. लेव्ह गोरकोव्ह यांनी नंतर दाखवले की गिंझबुर्ग-लांडाऊ समीकरणे त्या उत्तरातूनच निघतात. म्हणजे रोगाचे कारण कळायच्या सात वर्षे आधी त्याची गती अचूक लिहून झाली होती.

आलेक्सेई अब्रिकोसोव्ह या शिष्याने त्याच समीकरणांतून शुबनिकोव्हच्या मिश्रधातूंचे कोडे सोडवले : चुंबकक्षेत्र तिथे भोवऱ्यांच्या रूपात आत शिरते. गुरूला हे सुरुवातीला पटले नाही आणि लेख काही वर्षे पडून राहिला, असे अब्रिकोसोव्ह यांनी पुढे सांगितले. तो १९५७ मध्ये छापला गेला. लांडाऊंचा नकार ही संस्थेतली शेवटची पायरी असे, आणि एवढ्या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाच्या बाबतीत हा धोका असतोच. त्याच सुमारास गिंझबुर्ग यांनी लोहचुंबकात अतिवाहकता नांदू शकेल का हे तपासले. त्यांचा निष्कर्ष निराशेचा होता : लोहचुंबकाच्या आतले क्षेत्र इतके मोठे असते की ते अतिवाहकतेला उभेच राहू देणार नाही.

लांडाऊंच्या कामाची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढच्या घटनेचे गांभीर्य तिच्यात आहे. ते लिहीत नसत. शोधनिबंधसुद्धा सहसा स्वतः वाचत नसत. विद्यार्थी तोंडी सांगत, ते ऐकत आणि हिशेब स्वतःच्या पद्धतीने पुन्हा करून बघत. सगळे डोक्यात. त्यांच्या नावाने जगभर शिकवली जाणारी भौतिकशास्त्राची ग्रंथमाला कागदावर उतरवली लिफशित्झ यांनी. तिच्यात लांडाऊंचा एक शब्द नाही आणि लिफशित्झचा एक विचार नाही, असा विनोद मॉस्कोत चालायचा. लिफशित्झवर तो अन्याय करतो, पण लांडाऊंबद्दल बरेच खरे सांगतो. या माणसाचे भांडार म्हणजे त्याची स्मरणशक्ती होती.

७ जानेवारी १९६२ च्या सकाळी मॉस्कोहून दुब्नाला जाताना बर्फाळ रस्त्यावर त्यांची मोटार घसरली आणि समोरून आलेल्या ट्रकवर आदळली. गाडीतल्या बाकीच्यांना फारशी इजा झाली नाही. सोबत नेलेली अंडीसुद्धा फुटली नाहीत असे सांगतात. सगळा मार ट्रकच्या बाजूला बसलेल्या लांडाऊंना लागला. कवटीच्या तळाचे हाड मोडले, बरगड्या मोडल्या, कमरेचे हाड मोडले, फुप्फुसाला इजा झाली. वय ५३.

ही यादी आजच्या कुठल्याही ट्रॉमा विभागातल्या डॉक्टरला गंभीर करील. १९६२ मध्ये सीटी स्कॅन नव्हता. मेंदूचा पहिला सीटी लंडनमध्ये १९७१ साली निघाला. बेशुद्धी किती खोल आहे हे मोजायची ग्लासगो श्रेणी १९७४ ची. कवटीच्या आत सूज किती, रक्तस्राव कुठे, हे डॉक्टरांना बुबुळे, श्वास आणि प्रतिक्षिप्त क्रिया यांवरून ताडायचे होते. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच जेमतेम दहा वर्षांची होती. तिची सुरुवात झाली १९५२ साली, लांडाऊंच्या आवडत्या कोपनहेगनमध्ये. पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने फुगा दाबत हवा दिली होती. लांडाऊंचा श्वास बंद पडू लागला तेव्हा पोलिओच्या रुग्णांसाठी बनलेले श्वासयंत्रच मागवून लावले गेले.

मॉस्कोतल्या एका साध्या सार्वजनिक रुग्णालयात हे चालले होते. तिथे भौतिकशास्त्रज्ञांनी आपले ठाणे मांडले. कोणी टेलिफोनवर बसले, कोणी मोटारी घेऊन उभे राहिले, कोणी परदेशी मित्रांकडून मेंदूची सूज उतरवणारे औषध विमानाने मागवले. शीतयुद्ध ऐन भरात असताना ही औषधे एका देशातून दुसऱ्या देशात पोचत होती. प्रागहून झ्डेनेक कुंत्स आले, कॅनडाहून मेंदूचे विख्यात शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड आले. कवटी उघडावी का यावर खल झाला आणि शस्त्रक्रिया टाळली गेली. त्यांना चार वेळा मृत्यूतून परत आणले, असे बहुतेक चरित्रांत लिहिलेले असते. हृदय किंवा श्वास थांबण्याच्या कोणत्या प्रसंगाला मृत्यू म्हणायचे हे तेव्हा सैलच होते, तेव्हा त्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. सहा आठवड्यांहून अधिक काळ बेशुद्धीत काढून हा माणूस शुद्धीवर आला, हे पुरेसे आहे. परिचारिकांनी या आठवड्यांत अंगावर जखमा होऊ न देता आणि श्वासनलिका साफ ठेवत केलेले काम कुठल्या चरित्रात फारसे येत नाही. पण असा रुग्ण जगतो तो मुख्यतः त्यामुळे.

त्याच वर्षी नोबेल पारितोषिक जाहीर झाले, पदार्थाच्या घन आणि द्रव अवस्थांच्या, विशेषतः द्रव हेलियमच्या, सिद्धांतासाठी. लांडाऊ स्टॉकहोमला जाऊ शकत नव्हते, म्हणून स्वीडनच्या राजदूताने मॉस्कोच्या रुग्णालयात येऊन ते दिले. छायाचित्रात ते हसताना दिसतात.

आणि इथे बरे होणे थांबले. जुने पुष्कळसे शाबूत होते : भाषा, कविता, तरुणपणीची माणसे. काही मिनिटांपूर्वी कोण येऊन गेले, काय बोलणे झाले, हे मात्र टिकत नव्हते. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या कानशिलाकडच्या भागांत, हिप्पोकॅम्पस नावाच्या रचनेच्या आधाराने, नवी आठवण पक्की होते. १९५३ साली अमेरिकेत एका तरुणाचा हा भाग अपस्मारासाठी काढला गेला आणि त्याला नवे काही लक्षात राहीनासे झाले. १९५७ मध्ये त्या रुग्णावरचा अभ्यास ब्रेंडा मिल्नर यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनसोबत प्रसिद्ध केला. मिल्नर काम करत होत्या ती माँट्रियलची संस्था पेनफिल्ड यांचीच. लांडाऊंच्या खाटेपाशी उभ्या असलेल्यांपैकी निदान एकाला तरी, शुद्ध येणे म्हणजे सगळे येणे नव्हे, हे नक्की माहीत होते. जे कागदावर विचार करतात त्यांना अशा दुखण्यात वहीचा आधार घेता येतो. लांडाऊंना वही नव्हती.

शिष्य भेटायला येत, नवे प्रश्न सांगत. पाय दुखतो आहे, बरे वाटले की बोलू, असे म्हणून ते विषय टाळत. पायाचे आणि पोटाचे दुखणे खरेच होते. पण त्यांच्या जवळच्या माणसांना कळून चुकले होते की दुखणे पायापुरते नाही. अपघातानंतर त्यांच्या हातून विज्ञान झाले नाही. मार्च १९६८ च्या अखेरीस आतडे अडल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली आणि १ एप्रिलला त्यांचे निधन झाले. त्यांनी नुकतीच साठी ओलांडली होती.

ते आजारी असतानाच, १९६४ च्या सुमारास, मॉस्कोत लार्किन आणि ओव्हचिन्निकोव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत फुल्डे आणि फेरेल यांनी, लोहचुंबकासारख्या आतल्या क्षेत्रात अतिवाहकतेचे काय होते हे पुन्हा तपासले. साध्या अतिवाहकात जोडीतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांची अंगभूत चुंबकीय दिशा, परस्परविरुद्ध असतात. लोहचुंबक दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहतो. त्यांना आढळले की क्षेत्र फार मोठे नसेल तर जोडी लगेच तुटत नाही. सुव्यवस्थेचे माप जागोजाग वर-खाली होत टिकते. अतिवाहकाला चिकटवलेल्या लोहचुंबकाच्या थरातही ते असेच वर-खाली होत मावळते. कोबाल्टसारख्या धातूत हे झिरपणे काही नॅनोमीटरांतच संपते.

मग जोडीतल्या दोघांचे स्पिन आधीच एका दिशेला असतील तर? मग चुंबकाचे त्यांच्याशी भांडणच उरत नाही. अशा जोड्या प्रथम १९७२ मध्ये अमेरिकेत हेलियम-३ या हेलियमच्या हलक्या भावंडात सापडल्या. त्या द्रवाचे वर्तन ज्या सिद्धांताने समजते तोही लांडाऊंचाच, अपघाताच्या पाचेक वर्षे आधीचा. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी क्रोमियम डायऑक्साइडमधून अतिवाहक प्रवाह जवळजवळ एक मायक्रोमीटर नेला. हा जुन्या ध्वनिफितींच्या कॅसेटमधला पक्का लोहचुंबक. तिथले अतिवाहक साधेच होते. सरळ स्पिनच्या जोड्या सीमेवर तयार झाल्या होत्या. पुढची पायरी म्हणजे ज्याच्या जोड्या मुळातच वेगळ्या आहेत असा अतिवाहक घेणे. २०१६ मध्ये जपानमधून आलेल्या प्रयोगात स्ट्रॉन्शियम रुथेनेट या अपारंपरिक अतिवाहकावर त्याच कुळातल्या लोहचुंबकाचा १५ नॅनोमीटरचा थर चढवला होता, आणि अतिवाहकता त्या थरात शिरल्याची चिन्हे दिसली.

२०१९ मध्ये या रुथेनेटमधल्या जोड्या खरेच एका दिशेच्या आहेत का, यावर नव्या मोजणीने शंका उभी केली. ती मोजणी ज्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने झाली, त्याच तत्त्वावर एमआरआय चालतो. वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही बाजूंचे लोक त्यात जे माप मांडून भांडतात, ते १९३७ च्या लेखातले आहे.